झोपेची पावडर एकत्र मागवण्यावरून ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. शांत झोपेसाठी मिळणारी ट्रिप्टोफॅनची (हा प्रथिनांतला एक घटक) पावडर दहा डबे एकदम घेतल्यास बरीच स्वस्त पडते आहे. ट्रिप्टोफॅन दुधातही असते, त्यामुळे काळजीचे कारण नाही. ज्यांना हवे असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत फ्लॅट क्रमांक कळवावा.

सी-६०१ : ताई, राग मानू नका, पण नावे घेण्याआधी माझे थोडे ऐका. माझी सारी नोकरी औषधांच्या कच्च्या मालाच्या तपासणीत गेली आणि नव्या मुलांना शिकवताना आम्ही ज्या घटनेपासून सुरुवात करायचो, ती नेमकी याच पदार्थाची आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात तीन स्त्रिया असह्य स्नायुदुखी घेऊन डॉक्टरांकडे आल्या. तिघींच्याही रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या आणि तिघीही ट्रिप्टोफॅन घेत होत्या. पुढे देशभरात १,५०० हून अधिक रुग्ण सापडले आणि तिसाहून अधिक माणसे दगावली.

डी-३०२ : काका, पण ट्रिप्टोफॅन तर आपल्या रोजच्या जेवणातही असते. मग विष आले कुठून?

सी-६०१ : तेच सांगतो. तिथे विकले जाणारे ट्रिप्टोफॅन जपानमधल्या मोजक्या कारखान्यांत बनत असे आणि वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत भरले जाई. डब्यावरून मूळ उत्पादक कळण्याची सोय नव्हती. ओरेगॉन आणि मिनेसोटा राज्यांतील तपासनीसांनी रुग्णांच्या घरातील डब्यांवरून माल मागे मागे शोधत नेला, तेव्हा जवळजवळ सगळे धागे शोवा डेन्को या एकाच जपानी कंपनीपाशी पोहोचले. हा पदार्थ जिवाणूंकडून आंबवून तयार करतात आणि नंतर कोळशाच्या बारीक भुकटीतून गाळतात. ही भुकटी मी हाताळलेली आहे. नखांत शिरली की दोन दिवस निघत नाही, पण द्रावणातली नको असलेली द्रव्ये तीच धरून ठेवते. त्या कंपनीने जनुकीय बदल केलेला नवा जिवाणू वापरायला घेतला आणि जवळपास त्याच सुमारास दर घाण्यामागची भुकटी किमान २० किलोंवरून १० किलोंवर आणली. दोन्ही बदल एकदम झाल्यामुळे दोष नेमका कशाचा, हे आजही वेगळे काढता येत नाही. तपासणीत काही अनोळखी द्रव्ये दिसली, त्यांपैकी एकाचा रोगाशी संबंध ठळकपणे जुळला, तरी तेच एकमेव कारण असल्याचे सिद्ध झाले नाही. मला आजही अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तो माल ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध होता आणि शुद्धतेच्या तेव्हाच्या कसोटीवर उतरत होता.

बी-१०४ (डॉक्टर) : काकांनी सांगितले ते बरोबर आहे. या आजाराला इओसिनोफिलिया-मायाल्जिया सिंड्रोम म्हणतात. एरवी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये इओसिनोफिल साधारण ५०० च्या आत असतात. या रुग्णांत ते १,००० च्या वर, कित्येकांत त्याच्या कितीतरी पट होते. स्नायू दुखून माणूस अंथरुणाला खिळत असे, हातपाय सुजत, कातडी जाड आणि ताठर होई, आणि काहींच्या नसांवर परिणाम होऊन शक्ती जाई. स्टेरॉइडने पेशींचा आकडा उतरे, पण दुखणे मात्र अनेकांचे वर्षानुवर्षे राहिले. कृपया कोणी आपला जुना रिपोर्ट पाहून घाबरू नका, कारण आपल्याकडे इओसिनोफिल वाढतात ते बहुतेक वेळा ॲलर्जी, दमा किंवा जंतांमुळे. मात्र डॉक्टरांनी औषधे विचारली की पावडरी आणि कॅप्सूलही सांगत जा. ‘ते काही औषध नाही’ असे समजून लोक ते सांगत नाहीत, आणि न्यू मेक्सिकोत निदानाचा धागा मिळाला तो रुग्णांनी हे सांगितल्यामुळेच.

डी-३०२ : मग आता ते बंद आहे का?

सी-६०१ : नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने माल परत घ्यायला लावला, निर्बंध बरीच वर्षे राहिले आणि नंतर सैल झाले. नीट बनवलेल्या मालाबद्दल माझी तक्रार नाही. ताई, विक्रेत्याकडे एवढेच मागा की मूळ उत्पादक कोण आणि या बॅचचा तपासणी अहवाल कुठे आहे.

ए-२०३ : काका, दोन्ही गोष्टी विचारल्या. त्यांनी उत्तरादाखल डब्याच्या पुढच्या बाजूचा फोटो दुसऱ्यांदा पाठवला. मी मागणी रद्द करत आहे. ज्या चौघांनी पैसे दिले होते, त्यांना ते आजच परत करते. डॉक्टर ताई, एक विचारायचे होते. माझ्या सासूबाई दोन महिन्यांपासून दुसरीच एक पावडर घेत आहेत आणि पोटऱ्या फार दुखतात म्हणतात. मी ते वयाचे दुखणे समजत होते.

बी-१०४ (डॉक्टर) : कारण साधेही असू शकेल, पण पावडर आजपासून थांबवा आणि उद्या सकाळी नऊला त्यांना घेऊन या. रक्ताची तपासणी करून घेऊ. डबा सोबत आणा, रिकामा झाला असेल तरी आणा. बॅच क्रमांक त्याच्यावरच असतो.