शुक्रयानाचं एरोब्रेकिंग: गरज की जुगार?

तापीकाठी (जळगाव): मार्च २०२८ मध्ये इस्रोचं शुक्रयान सोडायचं ठरलंय. आधी ५०० × ६०,००० किमीची (जवळचं टोक × दूरचं टोक) लांबट कक्षा, मग वातावरणात घासत घासत वेग कमी करून (हेच एरोब्रेकिंग) २०० × ६०० किमीवर आणायचं. माझा विरोध या घासण्याला. शुक्राच्या वरच्या हवेची घनता दिवसा एक, रात्री एक. अंदाज चुकला की सौर पॅनल तापणार, आणि शुक्र लांब असताना संदेश जायलाच १४ मिनिटं. इंजिन पेटवा आणि सरळ खाली या.

लळिंगकर (धुळे): भाऊ, हिशोब मांडा. तेवढं खाली यायला सेकंदाला सुमारे २.४ किमी वेग कमी करावा लागतो. द्रव इंधनाच्या इंजिनाच्या झोताचा वेग सेकंदाला ३ किमीच्या आसपास. म्हणजे त्या क्षणी यानाच्या वजनातलं ५५ टक्के नुसतं इंधन हवं! मग नकाशा काढायचं रडार काय टपावर बांधायचं? लांबूनही चालत नाही, परतणारा सिग्नल अंतराबरोबर भराभर मरतो. आपल्या नंदुरबार-धुळे पट्ट्यात बेसाल्टमधून डाईकच्या (भेगांत लाव्हा थिजून झालेल्या) भिंती उभ्या आहेत. शुक्रावरच्या तसल्या रांगा बारकाईनं बघायच्या तर खाली यायलाच हवं.

तापीकाठी: नासाच्या मॅगेलन यानानं २९५ × ८,५०० किमीवरूनच शुक्राचा ९८ टक्के नकाशा काढला. एरोब्रेकिंग केलं ते १९९३ मध्ये, रडारचं काम आटोपल्यावर. युरोपच्या व्हीनस एक्सप्रेसनंही २०१४ मध्ये, अगदी शेवटी. तुम्ही ताट वाढायच्या आधीच जोखीम घेताय.

लळिंगकर: मॅगेलनकडे कक्षेत शिरायला वेगळी घन इंधनाची मोटर होती, ते सांगा ना. आणि मंगळावर नासाच्या ओडिसी, एमआरओ या यानांनी घासणं आधीच केलं, मग काम सुरू केलं. रीत ठरलेली आहे: जवळचा बिंदू थोडा थोडा खाली आणायचा, दर फेरीला त्वरणमापकावरून (वेग किती झपाट्यानं घटतो ते मोजणारं यंत्र) हवेची घनता काढायची, जास्त निघाली तर दूरच्या टोकाला छोटे थ्रस्टर उडवून वर उचलायचं. १४ मिनिटांचं म्हणाल तर हे यानातल्या संगणकावर टाकता येतं.

तापीकाठी: मंगळावरच्याच मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाचं पॅनल अधू निघालं, घासणं हळू करावं लागलं, नकाशाचं काम १९९९ वर गेलं. तेही लिहा.

जंक्शन (भुसावळ): आप्पा, आधी कक्षेत तर शिरा! जपानचं शुक्रावर गेलेलं अकात्सुकी यान २०१० मध्ये तिथंच चुकलं. इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं द्रव्य) यांच्या वाफांचा क्षार झडपेत साचला, मुख्य इंजिन गेलं. २०१५ मध्ये छोट्या थ्रस्टरवर कसंबसं शिरलं, तेही ठरल्यापेक्षा फार लांबच्या कक्षेत. मंगळयानाचं इंजिन ३०० दिवस झोपलेलं, म्हणून प्रवेशाच्या दोन दिवस आधी ४ सेकंद पेटवून पाहिलं होतं. तशी चाचणी इथंही हवी, आणि झडपांना पर्यायी वाट.

लळिंगकर: हे मान्य. घासण्याचं मात्र माझं तेच.