मदत हवी आहे: लॅबच्या कपाटात जुनं क्रोमिक अ‍ॅसिड आणि डायक्रोमेट सापडलंय, काय करू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट आहे, नवीनच लागलेय. दिवाळीच्या सुट्टीत मागचं कपाट आवरायला घेतलं तर खालच्या फळीवर अडीच लिटरची काचेची बाटली निघाली, वर जुन्या सरांच्या अक्षरात नुसतं "क्रोमिक मिक्श्चर", तळाशी काहीतरी साचलंय आणि रंग हिरवट काळपट. शेजारी पोटॅशियम डायक्रोमेटची ५०० ग्रॅमची सीलबंद बाटली. आमच्याकडचे एक जण म्हणाले, अगं हिरवं झालंय म्हणजे मेलंय ते, नळ सोड आणि बेसिनमध्ये ओतून दे. मला काही ते पटेना. ओतू का? आणि त्या नारिंगी डायक्रोमेटचं काय करायचं, ती फेकायला जीव होत नाही.

जुना_बर्नर: अजिबात ओतू नका! ज्यांनी सांगितलं त्यांना आधी एक चहा पाजा आणि मग हे वाचायला द्या. क्रोमिक मिक्श्चर म्हणजे डायक्रोमेट घातलेलं कडक सल्फ्युरिक. आमच्या वेळी ब्युरेट-पिपेटचा तेलकटपणा जायला रात्रभर त्यात बुडवून ठेवायचो, हाताला डाग आणि अ‍ॅप्रनला भोकं ठरलेलीच. काम करता करता सहा व्हॅलन्सीचा नारिंगी क्रोम, म्हणजे क्रोमियम, तीनवर येतो म्हणून ते हिरवं दिसतं. म्हणजे त्याचा जोर कमी झाला एवढंच, सल्फ्युरिक तसंच आहे आणि हिरव्याच्या आड थोडा सहावाला लपलेला असतोच. तो कॅन्सर करणारा आहे. आता काच धुवायला लॅबोलीन (लॅबचा पातळ साबण) नाहीतर पातळ नायट्रिक वापरतात, शिवाय क्रोमचा अंश काचेला चिकटून राहतो तो वेगळाच ताप.

भोसरीचा_प्लेटर: ताई, आमचं हार्ड क्रोमचं, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा द्यायचं, छोटं युनिट आहे भोसरीला. धुण्याच्या पिवळ्या पाण्यातला सहावाला आम्ही रोज मारतो. आधी अ‍ॅसिड टाकून पीएच २ ते ३ वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट, पिवळ्याचं हिरवं झालं की चुना नाहीतर कॉस्टिक टाकून पीएच ८-९ करायचा, मग क्रोमचा हिरवा गाळ खाली बसतो. हिशोबाने एक ग्रॅम सहावाल्या क्रोमला पावणेतीन ग्रॅम मेटाबाय लागतं, प्रत्यक्षात जास्तच जातं. पीएच न पाडता नुसतं मेटाबाय ओतलं तर दिवसभर ढवळत बसा, पिवळं ते पिवळंच. सुरुवातीला मी हीच चूक करून अर्धी गोणी वाया घालवलीये. पण हे पातळ पाण्याचं झालं हं, तुमच्या बाटलीतल्या कडक अ‍ॅसिडमध्ये मेटाबाय टाकलं तर सल्फर डायऑक्साइड असा उसळेल की वर्ग रिकामा होईल. ते तुम्ही करू नका. गाळसुद्धा कचऱ्यात टाकायचा नसतो, आमचा रांजणगावला घातक कचऱ्यात जातो. तुमच्या कॉलेजनेही अधिकृत एजन्सीला कळवावं, तोपर्यंत बाटली आहे तशी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, सेंद्रिय सॉल्व्हंटपासून लांब.

पाणीवाली: मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे म्हणून थोडं गणित. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढंच चालतं. तुमच्या ५०० ग्रॅमच्या बाटलीत साधारण १७७ ग्रॅम क्रोमियम आहे, म्हणजे ते मर्यादेत आणायला ३५ लाख लिटर पाणी लागेल. मुठा नदीत आधीच काय कमी जातंय! पण सीलबंद असेल तर डायक्रोमेट फेकू नका, ते प्रायमरी स्टँडर्ड आहे, म्हणजे इतकं शुद्ध आणि टिकाऊ की वाळवून तोललं की अचूक द्रावण करायला लगेच वापरता येतं. सीओडीला, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायच्या चाचणीला, आम्हाला रोज लागतं, १२.२५९ ग्रॅम एका लिटरला, म्हणजे ०.२५ नॉर्मल. तुमच्या पर्यावरण विभागाला विचारा, हातोहात घेतील. तोलताना मास्क आणि हातमोजे मात्र हवेतच, भुकटी उडाली तर नाकाची वाट लागते.

गल्लीतला_चांभार: मध्येच बोलतो, आमच्या चामड्यात पण क्रोम असतो, मग बूट घालायचे का नाही?

जुना_बर्नर: घाला हो बिनधास्त. चामडं कमवायला बेसिक क्रोमियम सल्फेट वापरतात, तो तीनवाला. तीनवाला आणि सहावाला सख्खे भाऊ असले तरी स्वभाव अगदी वेगळा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! प्राचार्यांना एजन्सीसाठी पत्र लिहून दिलंय आणि डायक्रोमेट पर्यावरणवाल्या मॅडमनी मागून घेतलं. पण आज त्याच फळीच्या कोपऱ्यात अजून एक बाटली, लेबल उंदरानं खाल्लंय, आत पिवळे स्फटिक. हे क्रोमेट असेल का? मोहरच्या टायट्रेशनला (क्लोराइड मोजायची पद्धत) इंडिकेटर म्हणून वापरायचे तेच?

पाणीवाली: असू शकतं. हातमोजे घालून चिमूटभर पाण्यात विरघळवा, पिवळं द्रावण आलं की पातळ सल्फ्युरिकचे दोन थेंब. नारिंगी झालं तर क्रोमेटच समजा. आणि ते पाणीही बेसिनमध्ये नाही, वेगळ्या बाटलीत.

धागाकर्ती: झालं नारिंगी.