मदत हवी आहे: थंडीतल्या रायडिंगसाठी स्टीलची रोड बाइक फ्रेम कोणती घ्यावी? (कोल्हापूर)

चढउतार:
मंडळी, फ्रेमवर गाडी अडलीय. आठवड्यातून तीनदा पहाटे शिवाजी पूल, वाघबीळ, पन्हाळा. रविवारी गगनबावडा नाहीतर राधानगरी. उंची १७३ सेंमी, इनसीम (जांघेपासून तळव्यापर्यंत) ८१ सेंमी, वजन ७८ किलो. ऊस हंगामात रस्ते कसे असतात ते सांगायला नको. शेतातून निघालेल्या ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल, पाचट, त्यावर दव. म्हणून पूर्ण मडगार्ड आणि २८ चे टायर पाहिजेतच. घरी ११ स्पीडचा रिम ब्रेकवाला ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, लिव्हरचा संच) आणि चाकं पडून आहेत (मागचा हब १३० मिमी, क्विक रिलीज, रिमची आतली रुंदी १९ मिमी). फ्रेम आणि चिमटा (फोर्क) मिळून ४० हजार, ताणून ४५.

तीन फ्रेम समोर आहेत. अ) जुनी, लग (सांध्यांवरच्या स्टीलच्या खोबण्या) लावलेली इटालियन, कोलंबस एसएल ट्यूबचं स्टिकर, मागे हबला जागा १२६ मिमी, मडगार्डची भोकं नाहीत. दिसायला एक नंबर. ब) नवी ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील), डिस्क ब्रेक, १२ मिमी थ्रू अ‍ॅक्सल, ३८ पर्यंत टायर. क) वापरलेली रेनॉल्ड्स ७२५ (हीही स्टीलची ट्यूब), मागे १३० मिमी, लांब रीचचे (बोल्टपासून रिमपर्यंत जास्त पोहोचणारे) कॅलिपर ब्रेक, मडगार्डची भोकं आहेत, चिमटा स्टीलचाच.

७२५ आणि ४१३० मधला फरक चालवताना कळतो का? डिस्क न घेतल्याचा पस्तावा होईल का? आणि गंजाचं काय करायचं?

नळीकाम:
स्टिकर सगळ्यात शेवटी बघा, आधी पट्टी घ्या.

सायकलच्या कुठल्याही स्टीलचा ताठपणा जवळजवळ सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. साध्या हाय-टेन स्टीलपासून महागड्या रेनॉल्ड्स ८५३ पर्यंत त्यात फरक नाही. महाग ट्यूबमध्ये वाढते ती ताकद. ती वाढली की भिंत पातळ करता येते, आणि वजन कमी होतं ते त्यामुळे. चालवताना जे जाणवतं ते ट्यूबचा व्यास, भिंतीची जाडी आणि टायरमधली हवा. ७२५ हे उष्णोपचार केलेलं क्रोमोली आहे. ४१३० मध्येही साधारण १ टक्का क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणजे घराणं एकच. दोन फ्रेममध्ये तीनेकशे ग्रॅम इकडेतिकडे. पन्हाळ्याच्या चढाला ७८ किलोच्या माणसाला ते कळणार नाही.

'अ' सोडून द्या. मन मोडतोय, माहीत आहे. १२६ चे १३० करता येतात, प्रत्येक बाजूला २ मिमी वाकवायचं असतं आणि एसएल ते सोसतं. पण त्या काळच्या रेसिंग फ्रेमला आखूड रीचचे ब्रेक असतात, ३९ ते ४९ मिमी. त्यात २५ चा टायर कसाबसा बसतो, मडगार्डचं नावच काढू नका. शिवाय बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचं बेअरिंग) इटालियन आट्यांचा असण्याची शक्यता जास्त (३६ मिमी × २४). त्यात चेनकडचा कपही उजव्या आट्यांचा असतो आणि पेडल मारता मारता सुटत येतो. बीएसए या इंग्लिश मापात (१.३७ इंच × २४) चेनकडची बाजू डाव्या आट्यांची, म्हणून तो त्रास नाही.

'ब' की 'क' हे ठरवायला एकच माप पाहिजे, ब्रेकचा रीच. ब्रेकच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर पॅड जिथे टेकतो त्या पट्टीच्या मध्यापर्यंत, सरळ खाली. स्वतःचं ७०० सीचं चाक लावून मोजा, पुढे आणि मागे वेगवेगळं. जाहिरातीत 'लांब रीच' लिहिलंय म्हणजे ४७ ते ५७ मधलं काहीही असू शकतं. ५५ च्या पुढे असेल तर २८ आणि मडगार्ड निवांत बसतात. ५० असेल तर नाही.

एक गोष्ट विसरू नका. १९ मिमी आतल्या रुंदीच्या रिमवर २८ छापलेला टायर २९.५ ते ३० भरतो. छापील आकड्यावर हिशेब केलात तर फसाल.

घाटवाट:
इंग्लंडमधले व्हिडिओ बघून 'विंटर बाइक' शोधताय असं वाटतंय. तिकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने फ्रेम खाल्ली जाते, म्हणून वेगळी सायकल. आपली थंडी कोरडी. फ्रेम खाणारा महिना जुलै, जानेवारी नव्हे. तेव्हा खरा प्रश्न हा की पावसाळ्यातही हीच चालवणार का?

गगनबावड्याहून खाली जाणारा करूळ घाट पावसात उतरणार असाल तर 'ब', डोळे झाकून. ओल्या रिमला ब्रेक आधी पाणी पुसतो, मग पकडतो, आणि चिखलाची वाळू पॅडमध्ये रुतून रिम घासत राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच असेल तर रिम ब्रेक पुरे. डिस्क घेतली तर चाकं, ब्रेक आणि हायड्रॉलिक असेल तर लिव्हरही नवीन, आणि घरातला ग्रुपसेट अर्धा बाद. ४५ मध्ये ते बसत नाही हो.

चढउतार:
फक्त थंडीच. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर. मग 'क' कडे कल आहे. वापरलेली आहे, बघायला जाताना काय काय तपासू?

नळीकाम:
सोबत टॉर्च, फ्रिजवरचा लोहचुंबक, दोन मीटर दोरा, स्टीलची पट्टी आणि ५ चा अ‍ॅलन की न्या.

पहिलं काम सीटपोस्ट (सॅडलची दांडी) काढून बघा. अडकलेला निघाला तर तिथूनच परत या. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातू एकमेकांना धरतात, आणि मग तो कापून काढायची वेळ येते. निघाला तर टॉर्च मारून सीट ट्यूब खालपर्यंत बघा. लालसर पावडर चालेल, पापुद्रे सुटत असतील तर नको.

मग डाउन ट्यूबच्या (पुढून पेडलकडे उतरणारी नळी) खालच्या बाजूने, हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) मागे दोन-तीन सेंमीवर बोट फिरवा. पुढून धडकलेल्या फ्रेमला तिथे बारीक लाट येते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. रंग तडकलेला असेल तर शंका पक्की. चुंबक सगळ्या ट्यूबवरून फिरवा. एखाद्या जागी पकड ढिली वाटली तर खाली पुट्टी भरलेली आहे.

दोरा मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा दांडा बसतो ती खाच) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. १ मिमीचा फरक असेल तर ठीक, २ च्या पुढे घासाघीस करा किंवा सोडा. डिरेलरचा हँगर (मागचा गिअर अडकवायची पट्टी) वाकलेला असेल तर घाबरू नका, स्टीलचा हँगर सरळ होतो. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी जायचं भोक आहे का तेही बघा.

आणि साइज. इनसीम ८१ गुणिले ०.८८३, म्हणजे सॅडलची उंची साधारण ७१.५ सेंमी, बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून. तुम्हाला स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या टोकापर्यंतची उंची) ५६० ते ५७५ मिमी आणि फ्रेमचा रीच (तेच अंतर आडवं) ३८० च्या आसपास लागेल. फ्रेमवर '५४' लिहिलंय यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा ५४ वेगळा. बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर ५९० च्या खाली असेल तर वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागेल.

लेथवाला:
फ्रेमपेक्षा गंजाबद्दल लिहितो, ते विचारलंय आणि कुणी बोललं नाही.

बाहेरून रंग असतो, फ्रेम सडते ती आतून. पाणी सीट ट्यूबच्या मागच्या खाचेतून आणि हेडसेटमधून (हँडलची बेअरिंग) आत जातं आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये साठतं. रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणा, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते. कच्चं जवसाचं तेल नको, वाळायला आठवडे घेतं. बॉटम ब्रॅकेट, हेडसेट, सीटपोस्ट काढून फ्रेम मोकळी करा. १२० ते १५० मिली पुरतं. प्रत्येक ट्यूबमध्ये थोडं ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या सीट स्टे आणि चेन स्टे नळ्यांच्या बारीक भोकांतून सिरिंजने सोडा. दिवसभर उलटी टांगून निथळू द्या, मग चार दिवस वाऱ्याला. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

सीट ट्यूबच्या खाचेवर चाकातल्या जुन्या रबरी ट्यूबचा चार बोटं रुंदीचा तुकडा चढवा. दिसायला गावठी, पण मागच्या चाकाचा फवारा थांबतो.

पावडर कोटिंग करून घ्यायचं असेल तर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सोय आहे. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, ७२५ ला त्याने काही होत नाही. बिघडतं ते आधीच्या ब्लास्टिंगने (जुना रंग काढायला बारीक कण मारणं) आणि मास्किंग (आटे झाकणं) विसरल्याने. जाड ग्रिट मारली तर अर्ध्या मिलिमीटरची भिंत आणखी खरवडली जाते, म्हणून बारीक मीडिया सांगा. बॉटम ब्रॅकेटमध्ये जुने कप घट्ट बसवून द्या. हेड ट्यूबच्या आत पावडर गेली तर हेडसेटचे कप बसत नाहीत. आटे चुकून भरलेच तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये 'हाय की टॅप' (आटे पाडायचं हत्यार) म्हणणाऱ्याच्या हातात फ्रेम देऊ नका. १.३७ × २४ चा डावा-उजवा टॅप सायकलच्या कामाचा असतो, जनरल वर्कशॉपमध्ये सहसा नसतो. जवळचा दुसरा टॅप फिरवला की शेल गेलं.

रानपाखरू:
एवढं करण्यापेक्षा उद्यमनगरातच फ्रेम बनवून घेतली तर? टिग वेल्डर पाहिजे तेवढे.

लेथवाला:
वेल्डर आहेत, ट्यूब नाही. बाजारात मिळणारा ईआरडब्ल्यू (वेल्ड केलेल्या शिवणीचा) पाइप १.६ मिमी भिंतीचा. २८.६ व्यासाला मीटरला १ किलो ६० ग्रॅम होतो. तोच ०.८ मिमीचा क्रोमोली ५५० ग्रॅम. वर जिग (फ्रेम पकडायचा साचा) नसेल तर मागचं चाक आणि पुढचं चाक एका रेषेत येत नाही. गेट बनवायला ठीक.

चढउतार:
'क' बघून आलो. सीटपोस्ट निघाला, दोऱ्याचा फरक १ मिमी, लाट नाही, भोक आहे. स्टॅक ५६३, रीच ३८१. ब्रेकचं माप मात्र मागे ५३ आणि पुढे ५०. मालक ३० हजारांवर आलाय. काय करू?

नळीकाम:
फ्रेम घ्या, चिमटा बदला.

मागे ५३ वर २८ आणि मडगार्ड घट्ट का होईना बसेल. पुढे ५० वर टायर आणि ब्रेकमध्ये १० मिमीच्या आसपास राहतात, त्यात मडगार्डची जाडी. खाली उरलेल्या जागेत चिखल आणि पाचट साठायला एक राइड पुरे. उसाचं कांडकं अडकलं तर चाकाबरोबर मडगार्ड आत ओढलं जातं आणि पुढचं चाक जागेवर थांबतं. म्हणून पुढच्या मडगार्डच्या काड्यांना झटक्याने सुटणारी सेफ्टी क्लिप लावाच, जागा कितीही असली तरी.

ब्रेकचं माप ५७ असलेला स्टील चिमटा मिळतो, सरळ १ १/८ इंच स्टिअररचा (हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी), मडगार्डची भोकं असलेला. त्याची उंची ७ मिमी जास्त होईल. हेड अँगल साधारण ०.४ अंशाने कलेल, बॉटम ब्रॅकेट ३ मिमी वर जाईल. सायकल जरा शांत होईल, उतारावर उलट बरंच. रेक (चिमट्याचा पुढे झुकाव, मिमीमध्ये) आताच्याइतकाच घ्या. जुन्यावर आकडा नसेल तर ४५ धरून चाला.

स्टिअरर न कापलेला मागवा आणि आधी सायकल जोडून, हँडलची उंची ठरवून मगच कापा.

घाटवाट:
हवा: मागे ७५, पुढे ६५ पीएसआयने सुरुवात करा. छापील कमाल आकडा भरू नका, दवातल्या पाचटावर टायर बर्फासारखा घसरतो.

चढउतार:
२८ हजारांना ठरली. चिमटा मागवतो. जुन्याच्या क्राउनवरची (चिमट्याचा खांदा) रेस, म्हणजे बेअरिंगचं कडं, काढून नव्याला चालेल ना?

लेथवाला:
दोन्ही १ १/८ चे असतील तर बैठक ३० मिमीची, चालेल. काढताना स्क्रू ड्रायव्हर एकाच बाजूला घुसवून उचकटू नका, रेस वाकडी होते. चारी बाजूंनी थोडं थोडं ठोका. नव्यावर बसवताना त्याच मापाच्या पाइपचा तुकडा वर ठेवून हातोडी. आवाज 'टक' वरून 'ठण' झाला की बसली.