माळ गळ्यात, शंका मनात : अण्णांना ढोंगी म्हणायचं का?

काळाचौकीची लेक

आमचे अण्णा ७४ वर्षांचे. माळ घातली तेव्हा ते २२ वर्षांचे होते, गिरणीत बदली कामगार. तेव्हापासून मासमच्छी बंद, रोज संध्याकाळी हरिपाठ, एकही एकादशी चुकवलेली नाही. आषाढीला पंढरपूरला जाणं जमलं नाही तर पहाटेच वडाळ्याच्या विठ्ठलाच्या रांगेत. चाळीत सगळे त्यांना बुवा म्हणतात.

मागच्या श्रावणात आई गेली. तेरावं झाल्यावर एका रात्री मी आणि भाऊ त्यांच्याजवळ बसलो होतो. भाऊ म्हणाला, आई आता विठ्ठलापाशी असेल. अण्णा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “असेलही. पण पलीकडे कोणी ऐकतंय असं मला संपापासून वाटत नाही रे.”

संप म्हणजे १९८२चा. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले होते. आई डबे करून घर चालवायची आणि अण्णा गेट उघडू दे म्हणून रोज विठ्ठलाला विनवायचे. त्यांच्या गिरणीचं गेट त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं ही शंका पोटात ठेवून हा माणूस टाळ वाजवतोय.

भाऊ म्हणाला, “मग माळ उतरवा. हे ढोंग आहे.” तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे.

मला हे ढोंग वाटत नाही. ढोंगाला बघणारा लागतो. आईच्या शेवटच्या दुखण्यात रुग्णालयाच्या व्हरांड्यात, रात्री अडीच वाजता, अण्णांना ओठ हलवत हरिपाठ म्हणताना मी पाहिलंय. तिथे कोणासाठी दाखवायचं होतं? पण भाऊही काही वाईट माणूस नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

विवेकवादी, दादर

तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, मला तुमच्या भावाचं पटतं. गोपाळ गणेश आगरकरांना शंका आली, त्यांनी ती छापून सांगितली. त्याची किंमत म्हणून पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. घरात गरिबी, अंगात दमा, १८९५ मध्ये ३९व्या वर्षी गेले. पण मनात एक आणि गळ्यात एक असं त्यांनी केलं नाही.

व्हरांड्यात बघणारं कोणी नसेल, चाळीत आहे. लोक ‘बुवा’ म्हणतात, पाया पडतात. तो मान ज्या श्रद्धेला मिळतो ती आपल्याकडे नाही हे माहीत असून घेणं याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

गिरगावकर

शब्द जरा जपून वापरूया. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली, तेव्हा स्वतःला विधवेशी लग्न करायची संधी होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून ३१व्या वर्षी त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. लोकांनी त्यांना दांभिक म्हटलं आणि त्या टीकेत तथ्य होतं, कारण त्यांची खात्री एक होती आणि कृती तिच्या उलट. अण्णांकडे खात्रीच नाही, कृती मात्र ५२ वर्षं अखंड. या दोघांना एकच शब्द लावायचा?

माहीमची

मी कॅथलिक, घरात मराठीच बोलतो आम्ही. दर बुधवारी नोव्हेनाला जाते. घरापासून चर्च पाच मिनिटांवर आहे, पण त्या पाच मिनिटांत माझ्या मनात काय काय येतं ते फादरना सांगितलं तर तेही बसून राहतील.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली. जवळजवळ ५० वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, आत नुसता अंधार होता. तरी पहाटे उठून प्रार्थना आणि दिवसभर मरणाऱ्या माणसांची सेवा चालू. २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत म्हटलं ते ही पत्रं वाचून, लपवून नव्हे. लग्नात दिलेला शब्द आपण रोज प्रेम वाटतं म्हणून पाळतो का? काही वर्षं तर नुसता शब्द म्हणूनच पाळावा लागतो. मला अण्णा कळतात.

विवेकवादी, दादर

@माहीमची, ती पत्रं जाळून टाका असं मदर तेरेसांनी स्वतःच कळवलं होतं, हेही सांगा. त्या ५० वर्षांत ज्या हजारो लोकांना शंका आली असेल, त्यांना वाटत राहिलं की आपणच एकटे पापी आणि त्या हसऱ्या चेहऱ्याला कधी शंका शिवलीच नाही. गप्प राहण्याने दुसऱ्याचं नुकसान होतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

टाळकरी, नायगाव

मी भजनी मंडळात आहे. आमच्याकडे शंका झाकायची रीत नव्हतीच. तुकोबांच्या घरात दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी अभंगात लिहून ठेवलंय. ‘माझे लेखी देव मेला’ हेही तुकोबांचंच, गाथेत आहे. हे लिहिणाऱ्याला कोणी माळ उतरव म्हटलं नाही. आज आम्ही त्याच माणसाच्या नावाने नाचतो.

म्हणून अण्णांना ढोंगी म्हणवत नाही. पण एक खटकतं. तुकोबा देवाशी भांडले ते चारचौघांत. अण्णांनी एवढी वर्षं कोणाला का सांगितलं नाही? आम्हाला सांगायचं होतं. आम्ही ऐकलं असतं.

भांडुपची सून

तुम्ही सगळे अण्णांच्या मनात काय चाललंय यावर बोलताय. मला घरात काय चाललंय ते विचारायचंय.

माझे सासरे देवभोळे. देवाच्या नावावर मला काय काय सांगितलं गेलं! महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं, अमुक वारी केस धुवायचे नाहीत. मी निमूट केलं, कारण वाटायचं यांना आतून काहीतरी ठाम कळलंय, आपल्याला नाही. उद्या ते म्हणाले की मलाही खात्री नव्हती, तर माझ्या त्या वर्षांचं काय करायचं? शंका येऊ दे, ती प्रत्येकाला येते. पण स्वतःला खात्री नसताना दुसऱ्याला खात्रीने सांगितलं असेल तर ते मी माफ करणार नाही. लेक, तुमच्या घरात अण्णांच्या माळेपायी कोणाला काय सोडावं लागलं?

शिवडी

७४ वर्षांच्या, नुकतीच बायको गेलेल्या माणसाची उलटतपासणी घेऊ नका. दुःखात माणूस एखादं वाक्य बोलून जातो. मुलांनी ते पोटात घालायचं असतं.

काळाचौकीची लेक

शिवडी, मलाही आधी तसंच वाटलं. पण भांडुपच्या ताईंचा प्रश्न वाचला आणि मी दोन दिवस काही लिहू शकले नाही.

वहिनी वेंगुर्ल्याची. लग्नाला ११ वर्षं झाली, आमच्या घरात बोंबील काय, साधा सुकटीचा वासही आलेला नाही. नवी होती तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, गॅलरीत वेगळ्या शेगडीवर केलं तर? अण्णा म्हणाले होते, “विठ्ठलाला चालत नाही.” पुन्हा तिने विषय काढला नाही. गरोदरपणात तिचा जीव मासळीसाठी तळमळायचा, तेव्हा मीच तिला दादरला घेऊन जाऊन खाऊ घालत होते, चोरून. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी पहिल्या पोस्टमध्ये मी ते लिहिलं नाही.

रविवारी अण्णांना सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. वहिनीला हाक मारली आणि म्हणाले, “तुला मी विठ्ठलाला चालत नाही म्हणून सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं. मला चालत नव्हतं, एवढंच खरं होतं.”

वहिनी म्हणाली, “अण्णा, हेच तेव्हा सांगितलं असतंत तर मी तुमच्यासाठी सोडलं असतं. देवाला मध्ये आणायची गरज नव्हती.” आणि आत जाऊन कुकर लावला. रडली असावी, मी मागे गेले नाही.

संध्याकाळी अण्णा हरिपाठाला बसले, आवाज रोजच्यापेक्षा हळू होता. माळ उतरवणार नाही म्हणाले. का, तर “तिच्याशिवाय मला झोप येणार नाही.” मी अजूनही त्यांना ढोंगी म्हणणार नाही. पण वहिनीपुढे ते चुकले, हे आता म्हणते.

विवेकवादी, दादर

तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आदर. माळेचं कारण मला पटलेलं नाही, पण वहिनींना त्यांनी जे सांगितलं ते सांगायला धाडस लागतं. आता चाळीत पाया पडायला येणाऱ्यांनाही ते तसंच सांगतील का?

काळाचौकीची लेक

विचारलं नाही अजून. गुरुवारी एकादशी आहे, घरी भजन आहे, सगळे येतील. टाळकरी, तुम्ही नायगावहून याल का?