रासायनिक सूत्र रेजेक्सने वाचताना कंसाबाहेरचा अंक गळतो: मदत हवी आहे

नमस्कार.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत द्रावणे तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. सूत्र टाइप केले की रेणुभार सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला आहे. त्यातला रेजेक्सचा (मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याच्या भाषेतला) पॅटर्न साधा आहे: एक मोठे अक्षर, त्याला लागून असल्यास एक लहान अक्षर, आणि पुढे असतील तितके अंक. फाइंडऑलने (पॅटर्नशी जुळणारे सर्व तुकडे शोधून देणाऱ्या फंक्शनने) मिळालेल्या प्रत्येक मूलद्रव्याचा अणुभार त्याच्या अंकाने गुणून बेरीज केली जाते. ग्लुकोज, सल्फ्युरिक आम्ल यांची उत्तरे अचूक येतात.

फेरस अमोनियम सल्फेटला मात्र गाडी अडली. त्याच्या सूत्रात अमोनियम आणि सल्फेट दोन्ही कंसात असून प्रत्येक कंसाबाहेर २ आहे, आणि शेवटी टिंबानंतर पाण्याचे ६ रेणू आहेत. रेणुभार ३९२.१३ यायला हवा होता, प्रोग्रॅमने १८७.९६ सांगितला. ०.१ मोलर द्रावण २५० मिली करायचे तर ९.८० ग्रॅम क्षार लागतो. या उत्तरावर विसंबले असते तर मी ४.७० ग्रॅमच तोलला असता. बाटलीच्या लेबलावर रेणुभार छापलेला होता, म्हणून चूक ध्यानात आली. पॅटर्नमध्ये न बसणारे सारे काही फाइंडऑल मुकाट्याने गाळतो, एररसुद्धा येत नाही, याची मला खरी काळजी वाटते.

सध्या मी आधी टिंबावर सूत्राचे भाग पाडते, भागाच्या सुरुवातीचा अंक बाजूला काढते, आणि मग ज्याच्या पोटात दुसरा कंस नाही असा कंस शोधून, आतले अंक बाहेरच्या अंकाने गुणून तो उलगडते. कंस संपेपर्यंत हेच चालते. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये चौकोनी कंसात गोल कंस आहे, तरी चौकोनी कंस आधीच गोल करून घेतल्यावर ३६८.३५ हे योग्य उत्तर आले.

पायथनच्या मूळ रेजेक्समध्ये रिकर्सिव्ह (स्वतःलाच आत पुन्हा वापरणारा) पॅटर्न लिहिता येत नाही, हे लक्षात घेता ही पद्धत टिकाऊ आहे का, की स्टॅक (शेवटी ठेवलेले आधी बाहेर काढणारी यादी) वापरून सूत्र एकेक अक्षर वाचणेच योग्य ठरेल? तसेच, एकही अक्षर न जुळता उरले तर प्रोग्रॅमने थांबावे, यासाठी फुलमॅच (संपूर्ण मजकूर पॅटर्नशी जुळतो का ते पाहणारे फंक्शन) वापरावे की जुळलेल्या तुकड्यांची एकूण लांबी तपासावी? देवनागरी अंक टाइप केले तर पायथन ते बिनचूक ओळखतो, पण पीडीएफमधून चिकटवलेले सबस्क्रिप्ट (अक्षराच्या खालच्या बाजूला लहान लिहिलेले) अंक गाळले जातात आणि पाण्याचा रेणुभार १७.००७ येतो. असे अंक आधीच साध्या अंकांत बदलून घेण्याची खात्रीची रीत कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.