देवाला घर लागतच नव्हतं तर यरुशलेमचं मंदिर बांधलं कशाला?

जालनेकर
आमच्या गावात मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे, वर्गणी किती, शिखर किती फुटाचं, कळस कुणाच्या हस्ते, पारावर रोज तेच. अन् मी सध्या बायबलचा पहिला भाग, म्हणजे जुना करार वाचायलोय आणि एका जागी अडकलोय. दावीद राजा म्हणतो मी गंधसरूच्या (देवदारासारख्या लाकडाच्या) घरात राहतो अन् देवाचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, तंबूत, हे बरं नाही, आपण घर बांधू. तर देव नाथान संदेष्ट्याकडून निरोप धाडतो की मी कधी कुणाला घर बांधा म्हणलो का, उलट मीच तुझं घराणं उभं करतो. मग पुढं त्याचाच पोरगा शलमोन एवढं थोरलं मंदिर बांधतो ते देवाला चालतं कसं? जाणकारांनी सांगा.

हिंगोलीकर
नको होतं असं नाही, गरज नव्हती. जुन्या करारातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय ८ सावकाश वाचा. समर्पणाच्या दिवशी शलमोन स्वतःच म्हणतो की आकाश अन् आकाशापलीकडचं आकाशसुद्धा तुला पुरत नाही, मग मी बांधलेलं हे घर काय पुरणार! मग मागतो काय, तर ह्या जागेकडं तोंड करून कुणी हाक मारली तर ऐक. दुष्काळ पडला, टोळधाड आली, लढाईत हरलो, कैद होऊन परमुलखात गेलो, सगळं त्यात येतं, आणि इस्राएलाबाहेरचा परका माणूस लांबून आला तर त्याचंबी ऐक म्हणतो. मला ही ओळ सगळ्यात मोठी वाटते. आम्ही औंढ्याकडचे, नामदेव महाराजांना समोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून ते मागं जाऊन उभे राहिले अन् देऊळच फिरलं हे लहानपणापासून ऐकत आलोत.
आणि गाभाऱ्यात देवाची मूर्ती नाहीच. परमपवित्रस्थान २० हात लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच, आत सोन्यानं मढवलेले दोन करूब (पंखवाले देवदूत), त्यांच्या पंखाखाली कोश आणि कोशात फक्त मोशेच्या दोन दगडी पाट्या, देवाच्या दहा आज्ञा कोरलेल्या. म्हणजे एवढं सोनं लावून मधोमध ठेवला तो देवाचा लोकांशी झालेला करार.

लातूरची बाई
दावीदाला का बांधू दिलं नाही तेपण बघा, १ इतिहास २२ मध्ये सरळ सांगितलंय, तू फार रक्त सांडलंस. बांधकाम चालू असताना तिथं हातोड्याचा, कुऱ्हाडीचा, कुठल्याच लोखंडी हत्याराचा आवाज नव्हता, दगड खाणीतच घडवून आणायचे. माझ्या मते ह्या दोन गोष्टी एकमेकीला धरून आहेत.

परभणीकर
शलमोनाचं एवढं कौतुक मला पटत नाही. ३०,००० माणसं वेठीला धरली, दर महिन्याला १०,००० लबानोनात लाकडासाठी पाळीनं पाठवायची, मंदिराला ७ वर्षं अन् स्वतःच्या वाड्याला १३ वर्षं. तो मेल्यावर लोक त्याच्या पोराकडं आमचं जू हलकं कर म्हणत गेले, त्यानं ऐकलं नाही अन् राज्य फुटलं. नंतर यिर्मया संदेष्टा तर मंदिराच्या दारातच उभा राहून सांगतो (अध्याय ७) की परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर असं घोकू नका, आधी परका, अनाथ, विधवा यांच्यावरचा जुलूम थांबवा. ऐकलं नाही कुणी. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेनं मंदिर जाळलं अन् लोकांना कैद करून तिकडं नेलं.

जालनेकर
हे तर फारच थेट आहे. पण मग एवढं होऊन परत बांधलंच ना?

हिंगोलीकर
बांधलं, कैदेतून परत आलेल्यांनी, पण आता लोक वेगळे होते. तिकडं बाबेलात, खबार नदीकाठी यहेज्केल संदेष्ट्याला देवाचं दर्शन झालं होतं, म्हणजे देव यरुशलेमात अडकून पडलेला नाही हे पक्कं कळलेलं. तरी परत आलेल्यांना एकत्र यायला जागा लागतच होती की ओ. नवा पाया घातला तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठमोठ्यानं रडले अन् बाकीचे आनंदानं ओरडले, कुठला आवाज कशाचा तेच कळेना. मग काम बरीच वर्षं रखडलं, हाग्गय संदेष्ट्यानं इ.स.पू. ५२० मध्ये लोकांना हलवलं तेव्हा कुठं पुन्हा सुरू झालं. हाग्गयाचं पुस्तक दोनच अध्यायांचं आहे, आधी ते वाचा, मग एज्रा ३ ते ६.