मदत हवी आहे: बँक्सियाच्या छाट कलमांना कॅलस येतो, मुळं फुटत नाहीत

मेलबर्नमध्ये बँक्सिया स्पिन्युलोसा या ऑस्ट्रेलियन झुडपाच्या बुटक्या वाणाची छाट कलमं लावली आहेत. बियांतून बुटकेपणा हमखास उतरत नाही, म्हणून कलमच हवं. उन्हाळ्याच्या शेवटी अर्धपक्व फांदीचे ८-१० सेंमी तुकडे घेतले, तळाशी एका बाजूची साल खरवडली, ३००० पीपीएम आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) जेल लावलं. माध्यम ३ भाग परलाइट, १ भाग कोकोपीट. खत अजिबात नाही. फॉस्फरस बँक्सियाला सोसत नाही. वर झाकण आहे, खालून ऊब नाही.

तळाशी शिताएवढा पांढरा कॅलस (कापलेल्या जागी वाढणारा पेशींचा गोळा) धरतो, पानं हिरवीगार राहतात, पण मुळं नाहीत आणि पुढे तळ काळा पडतो. माध्यम ओलसर असतं, चिंब नाही.

कॅलस खरवडून पुन्हा आयबीए लावावं, की सुरुवातीलाच ८००० पीपीएम घ्यावं? तळाला २२-२४ अंश ऊब दिली तर कुज वाढेल का?